ब्रिक टाइल: खिडकी-दाराच्या कडेला नेमकं काय करायचं?

सपाट भिंतीवर ब्रिक टाइल, म्हणजे विटेसारखी दिसणारी पातळ टाइल, कुणीही बरी लावतो. खरी परीक्षा खिडकीशी होते. तिथे भिंत संपते आणि पाहणाऱ्याची नजर आपोआप कडेवर जाते. कडेला वीट वळून आत गेलेली दिसली, तर अख्खी भिंत विटांची वाटते. १५-२० मिलिमीटरची टाइल कापून सोडलेली दिसली, तर वर कितीही महागाची टाइल असो, ती चिकटवलेलीच दिसते. म्हणून रंग आणि पोत ठरवायच्या आधी कडा ठरवा.

बाजूची कड: कोपऱ्याचा पीस, मिटर की पट्टी?

कोपऱ्याचा पीस म्हणजे एल आकाराची टाइल. एका प्रचलित मापात तिची लांब बाजू २१५, आत वळणारी बाजू १०२.५ आणि उंची ६५ मिलिमीटर असते. एका थरात लांब बाजू दर्शनी, पुढच्या थरात आखूड, असं आलटून पालटून लावलं की सांधे खऱ्या बांधकामासारखे जुळत जातात. गवंडी ज्याला जॅम्ब म्हणतात ती खिडकी-दाराच्या खाचेची, म्हणजे भिंतीच्या जाडीत आत गेलेल्या जागेची, आतली बाजूही त्यातच झाकली जाते. खाच १०२.५ पेक्षा खोल असेल तर उरलेल्या भागात साधी टाइल जोडावी लागते. तो उरलेला भाग दोन बोटांएवढाच असेल, तर बारीक तुकडे लावण्यापेक्षा तिथे गिलावा करून रंग दिलेला बरा.

दुसरा मार्ग मिटरचा. साध्या टाइलच्या कडा ४५ अंशांत कापायच्या आणि एकमेकींना भिडवायच्या. माल स्वस्त, मजुरी महाग. अडचण दोन प्रकारची. कापलेली धार पातळ होते आणि धक्का लागला की तिचा टवका उडतो. शिवाय कोपऱ्यावर वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी रेघ दिसते, जी विटांच्या बांधकामात कधीच नसते. टाइल सिमेंटची आणि रंग फक्त वरच्या थरात असेल, तर मिटरचा नाद सोडाच. कापलं की आतला फिका रंग उघडा पडतो.

तिसरा मार्ग धातूच्या पट्टीचा. अ‍ॅल्युमिनियमची प्रोफाइल कडेला बसवायची आणि टाइल तिथे थांबवायची. ही कड विटेचं सोंग घेत नाही, आणि म्हणूनच सरळ रेषांच्या आधुनिक घरात ती शोभते. जुन्या धाटणीच्या घराला मात्र ती परकी वाटते.

माझा कौल: बजेट तुटपुंजं असेल तर भिंतीवरची टाइल स्वस्तातली घ्या, पण कोपऱ्याचे पीस घ्या. दारासाठी तर नक्कीच. पिशव्या, सायकल, सामान सगळं दाराच्या कडेवरच आपटतं. मिटर तिथे फार दिवस टिकत नाही.

माथा: आडवे थर, उभी ओळ की कमान?

खिडकीच्या वरून आडवे थर तसेच पुढे नेले तर विटा हवेत तरंगताहेत असं वाटतं. लोखंडी लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) असलेल्या खऱ्या भिंतीतही असं करतात, तेव्हा त्याला खोटं म्हणता येणार नाही. पण डोळ्याला विटांखाली आधार हवा असतो.

तो आधार उभ्या विटांची ओळ देते, म्हणजे सोल्जर कोर्स. हिचा हिशेबही सुंदर जुळतो. ६५ मिलिमीटरचे तीन थर आणि मधले १० मिलिमीटरचे दोन सांधे मिळून २१५ होतात, म्हणजे बरोबर एका उभ्या विटेची उंची. ओळीच्या वरचा थर न कापता पुढे जातो. आणखी एक गंमत: कोपऱ्याचाच पीस उभा धरला की लांब बाजू दर्शनी भागावर येते आणि आखूड बाजू माथ्याच्या तळाला वळते. वेगळा पीस मागवायची गरज नाही.

सपाट कमान सगळ्यांत देखणी, पण तिच्या विटा मध्याकडून दोन्ही टोकांकडे क्रमाने कलत जातात आणि प्रत्येक पीस पाचरीसारखा कापावा लागतो. पीस विषम संख्येने हवेत, म्हणजे बरोबर मधोमध एक वीट येते. दर्शनी दारावर एखादी करावी. दहा खिडक्यांवर कराल तर गवंडी चौथ्या खिडकीपाशी कंटाळेल, आणि ते दिसेल.

खालची कड: इथे टाइल नकोच

सिल म्हणजे खिडकीखालचा आडवा काठ. त्यावर उभट विटा लावल्या तर फोटोत फार छान दिसतं. पण पाऊस तिथेच साचतो, आणि दर काही बोटांवर एक सांधा असतो. त्यापेक्षा अखंड दगडाची सिल चांगली. तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि पुढे आलेल्या भागाच्या खालून एक बारीक खाच मारा, म्हणजे पाणी मागे भिंतीकडे न वळता खाली टपकेल. ही खाच टाइल लावल्यानंतरच्या दर्शनी भागाच्या पुढे यायला हवी. बरेचदा माप गिलाव्यापासून घेतलं जातं, मग टाइल लागली की खाच टाइलवरच येते. टाइल हा पाणी अडवणारा थर नव्हे. वॉटरप्रूफिंग तिच्या मागे, आधीच झालेलं हवं.

चौकट आणि टाइल यांच्यामध्ये

जॅम्बवर टाइल आणि चिकटवणारा मसाला मिळून २०-२५ मिलिमीटर जागा खातात. चौकटीचा दर्शनी भाग त्यात किती झाकला जातो, बिजागऱ्या मोकळ्या राहतात का, बाहेर उघडणारी झडप पूर्ण उघडते का, हे आधी पाहा. सरकत्या खिडकीच्या रुळाला खाली पाणी जायची भोकं असतात. ती बुजवली तर पाणी घरात येतं.

टाइल चौकटीला थेट भिडवून सिमेंटने सांधा भरू नका. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम विटेच्या साधारण चौपट फुगतं, त्यामुळे तो सांधा फुटणारच. थोडी फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरा.

मागणी नोंदवताना कोपरे चौरस फुटांत मोजू नका, थर मोजा. थर आणि सांधा मिळून ७५ मिलिमीटर, म्हणजे १.२ मीटर उंचीच्या खिडकीला एका बाजूस १६, दोन्ही बाजूंस ३२, आणि तेवढीच रुंदी असेल तर माथ्याच्या उभ्या ओळीला आणखी १६. तुमच्या टाइलचं माप वेगळं असेल तर हाच हिशेब त्या मापात करा. काम सुरू करताना थरांच्या रेघा भिंतीच्या टोकापासून न आखता खिडकीपासून आखा. सांधा ८ ते १२ मिलिमीटरच्या दरम्यान थोडाथोडा कमीजास्त केला तर कुणाच्या लक्षात येत नाही. माथ्याशी आलेली अर्ध्या इंचाची टाइलची चिंचोळी पट्टी मात्र रस्त्यावरूनही दिसते.