संध्याकाळच्या एलएलबीची पाच सत्रे : फी परवडली, रजा परवडली नाही

गेल्या आठवड्यात बँकेच्या पोर्टलवर माझा रजेचा हिशेब पाहिला आणि त्यात वर्षअखेरीस एकच किरकोळ रजा शिल्लक दिसली. म्हणून हा अनुभव आता, सहावे सत्र सुरू होण्याआधीच लिहून ठेवत आहे. नोकरी सांभाळून तीन वर्षांचे एलएलबी करण्याविषयी लोक बहुधा फी, प्रवेश परीक्षा आणि उत्तीर्ण होण्याची अडचण एवढेच विचारतात. फी माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा कमी होती आणि अभ्यास चाळिशीतही जमतो. ज्याचा हिशेब आधी करायला हवा होता आणि मी केला नाही, ती गोष्ट म्हणजे रजा.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो, कारण माझाही तोच होता. ज्याला आपण ‘पार्ट-टाइम लॉ’ म्हणतो, असा अभ्यासक्रम बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या, २००८ च्या नियमांत नाही. तेथे आठवड्याला किमान ३० तास, त्यांपैकी २४ तास व्याख्याने, सर्वसाधारणपणे ७० टक्के हजेरी आणि सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच वर्ग, अशी पूर्णवेळ अभ्यासक्रमाची मोजमापे आहेत. संध्याकाळची तुकडी ही केवळ महाविद्यालयाने केलेली वेळेची सोय असते, त्यामुळे हजेरीच्या बाबतीत नोकरदाराला वेगळा न्याय मिळेल ही आशा प्रवेशाच्या दिवशीच सोडून द्यावी.

आमच्या महाविद्यालयात पहिले व्याख्यान साडेचारला आणि शेवटचे सातला संपणारे असते. माझी शाखा फोर्टात आहे आणि तेथून महाविद्यालय पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे, पण कॅश जुळल्याशिवाय काउंटर सोडता येत नाही. ती पाचला जुळली तर दुसरे व्याख्यान सापडते आणि पन्नास रुपयांचा फरक निघाला तर तेही जाते. तिसऱ्या सत्रात मालमत्ता हस्तांतरणाचा विषय आठवड्यातून तीन दिवस नेमका साडेचारला लावला गेला. त्या विषयात माझी हजेरी ७० टक्क्यांच्या खाली गेली आणि हॉल तिकीट अडकले. एकूण हजेरी ७० टक्के असेल तर एखाद्या विषयात ६५ पर्यंत सवलत देता येते, हे मी नियम उघडून दाखवले, तेव्हा कार्यालयाने मान डोलावली आणि ‘यापुढे नियमित राहीन’ असे प्रतिज्ञापत्र मुद्रांकावर आणण्यास सांगितले. ऐन त्याच ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभराचा मुद्रांक पाचशेचा झाला होता. पाचशे रुपये, नोटरीची फी आणि एक किरकोळ रजा एवढे खर्चून मी लिहून दिले की मी साडेचारला हजर राहीन, आणि ते लिहितानाच मला ठाऊक होते की कॅश जुळल्याशिवाय मी राहणार नाही. हॉल तिकीट मिळाले, पण हा राग अजून गेलेला नाही.

तरीही खरा खड्डा हजेरीचा नसून इंटर्नशिपचा आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे करावे लागतात आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाहीत, म्हणजे दर वर्षी चार आठवडे आलेच. मी शनिवार जोडून काम भागवीन असे ठरवले होते. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते आणि राज्यातील कनिष्ठ न्यायालयांनाही नेमकी त्याच शनिवारी, त्यामुळे मला सुटी तेव्हा न्यायालयाला कुलूप. शेवटी साधी पगारी रजा काढावी लागली. आमच्याकडे ती दर अकरा दिवसांच्या सेवेला एक या दराने साठते आणि मधले रविवार तिच्यातच धरले जातात. दोन वर्षांचे ५६ दिवस असे गेले, गावाला एकदाही जाणे झाले नाही आणि बायकोने दुसऱ्या वर्षी विचारणेच सोडले. हजर न राहता प्रमाणपत्र मिळवून देणारे सहाध्यायी मला भेटले. मीही तसे केले असते, असे पहिल्या वर्षी खात्रीने वाटत होते.

दुसऱ्या वर्षी मत बदलले, त्याला कारण एक मेमो झाला. ज्या वकिलांकडे मी बसत असे, त्यांच्याकडे दंडाधिकाऱ्यांपुढे कलम १३८ खाली, म्हणजे न वटलेल्या चेकच्या, बऱ्याच तक्रारी असत. एका उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी बँकेचा परतीचा मेमो, म्हणजे चेक न वटता परत आल्याची चिठ्ठी, उजेडाकडे धरून फिर्यादीला विचारले की यावरची तारीख ३ आहे की ८. शिक्का शाईअभावी अर्धवट उमटला होता. ३ असेल तर मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी होती ती उशिरा गेली होती, आणि ८ असेल तर वेळेत. त्या फिर्यादीची दोन लाखांची रक्कम एका अंकाच्या पोटावर लटकत होती. मेमो दुसऱ्याच बँकेचा होता, पण असे शिक्के मी अठरा वर्षे मारत आलो आहे आणि शेवटचे दहाबारा तर कोरड्या पॅडवर, दुपारच्या घाईत. पुढच्या तारखेला फिर्यादीच्या वकिलांनी १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टखाली प्रमाणित उतारा आणून ८ तारीख दाखवली. मी मात्र दुसऱ्याच दिवशी शाखेतल्या सगळ्या पॅडांना शाई भरली आणि अजूनही दर सोमवारी भरतो, यावर शिपाईकाका हसतात. ती एक रजा मी फुकट गेली असे म्हणू शकत नाही, आणि तसे म्हणता येत नाही म्हटल्यावर बाकीच्या ५५ दिवसांबद्दलही जरा मवाळ बोलावे लागते.

पुस्तकांविषयी थोडक्यात सांगतो. फोर्टच्या पदपथावरून मी फौजदारी कायद्याची जुनी पुस्तके स्वस्तात घेतली, दुसऱ्या सत्रात भारतीय दंड संहितेची परीक्षा दिली, आणि १ जुलै २०२४ पासून ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमांची न्याय संहिता आली. खुनाचे ३०२ आता १०३ झाले. तत्त्वे तीच राहिल्याने अभ्यास वाया गेला नाही, पण पुस्तके रद्दीवाल्यानेही वजनाच्या भावानेच घेतली.

नोकरदारांसाठी आणखी एक गोष्ट, जी प्रवेशाच्या रांगेत कोणी सांगत नाही. पूर्ण पगारी नोकरीत असताना सनद घेऊन वकिली करता येत नाही. मुंबईच्या डॉ. हनिराज चुलानी यांनी वैद्यकी चालू ठेवून सनद मागितली होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचा नकार योग्य ठरवला. त्यामुळे माझी पदवी स्वेच्छानिवृत्तीपर्यंत कपाटात राहील. पुढे सनदीची फी खुल्या वर्गाला ७५० रुपयांहून जास्त घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, ही एकच बाब माझ्यासारख्या हिशेबी माणसाला मनापासून आवडली.

सहाव्या सत्राचे वेळापत्रक काल लागले. त्यात तीन मूट कोर्ट (सरावासाठीचे लुटुपुटीचे खटले), एक दिवाणी व एक फौजदारी खटल्याचे निरीक्षण आणि इंटर्नशिपचे उरलेले २८ दिवस आहेत, आणि पहिले व्याख्यान पुन्हा साडेचारलाच आहे. शाखेतल्या माझ्या सहकारी मॅडमशी मी बोललो आहे. मंगळवार आणि गुरुवारी त्या माझी कॅश घेतील आणि त्याबदल्यात मार्चअखेरच्या सगळ्या उशिराच्या संध्याकाळी मी काउंटरवर बसायचे, असे ठरले आहे.