जंगल बूट: सात महिने वापरल्यानंतर

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कामठीला छावणीजवळच्या दुकानातून हिरव्या कॅनव्हासचे जंगल बूट घेतले. घोट्याच्या वर येणारे, रबरी सोलचे, हजाराच्या आतले. फौज सोडून बारा वर्षं झाली, पण पावसाळाभर रामटेकच्या डोंगरात नि गोरेवाड्याच्या वाटांवर हिंडायचं म्हटल्यावर दुसरं काही पायात घालायला मन घेईना.

पहिल्याच पावसात गुडघाभर पाण्याचा नाला ओलांडला. आतल्या अंगाला दोन जाळीदार छिद्रं आहेत, त्यातून दहा-बारा पावलांत पाणी निघून गेलं. रात्री लेस पूर्ण सैल करायची, जीभ बाहेर ओढायची, सुकतळे काढून बूट पंख्याखाली ठेवायचे. सकाळी कॅनव्हास कोरडं होतं, जाड शिवणी तेवढ्या दमट राहतात. नागपूरच्या ऑगस्टमध्ये चामड्याचा बूट दोन दिवसांतही वाळत नाही, वर बुरशी धरते ती वेगळी.

वाळण्यावर मी एवढा का अडतो? तेविसाव्या वर्षी, नवा लेफ्टनंट असताना, मिझोरामातल्या वैरेंगटेच्या शाळेत जंगलातल्या लढाईचं शिक्षण घेऊन ईशान्येच्या डोंगरात गेलो होतो. जंगलातली लढाई म्हणजे रोजचा गोळीबार, असं लोकांना वाटतं. माझ्या वाट्याला आली ती चाल, दबा धरून काढलेल्या रात्री आणि ओले कपडे. कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी. पहाटे तो पॉलिथीनमध्ये बांधायचा आणि कालचेच थंडगार ओले मोजे पुन्हा चढवायचे. रोज सगळ्यात जड जायचं ते हेच.

आमचे सुभेदार साताऱ्याचे. पहिल्याच मुक्कामाला म्हणाले, "साहेब, नकाशा मागनं बघा, आधी पोरांचे पाय बघा." मग रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन एकेकाचे पाय तपासायचो. तळव्याची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, बोटांच्या बेचक्यांत चिरा. "काही नाही साहेब," असं जवान म्हणायचा आणि बोट लावलं की पाय मागे घ्यायचा. त्याला दुसऱ्या दिवशी चालीतून काढावं लागे, त्याचं ओझं बाकीच्यांत वाटावं लागे. सगळ्यांची पावडर लावून झाली की मग माझे बूट निघायचे.

हे दुखणं जुनंच आहे. १९४३ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवर एका जखमी सैनिकामागे १२० आजारी मागे पाठवावे लागत होते. मलेरिया, हगवण, कातडीचे रोग. त्याच वर्षी रंगरुटांना जंगलात राहायला शिकवण्यासाठी १४ वी डिव्हिजन इथून तीन तासांवरच्या छिंदवाड्याला बसवली गेली. त्या रस्त्याने जाताना मला दर वेळी हे आठवतं.

आता खोडी. सोल पातळ आहे. तासलेल्या बांबूच्या खुंटावर पाय पडला तेव्हा टोच थेट तळव्याला कळली, तिथं भरवसा ठेवू नका. काळ्या मातीत खाचा अशा भरतात की प्रत्येक पायाला किलोभर चिखल येतो. पावसाळा सरला की कॅनव्हासमध्ये कुसळं रुततात आणि मोज्यापर्यंत पोचतात. घरी आल्यावर चिमट्याने एकेक काढत बसावं लागतं. नोव्हेंबरात डाव्या बुटाचा सोल चवड्याशी उकलला. दुकानदाराने हात वर केले. सीताबर्डीतल्या चांभाराने चिकटवून वरून दोऱ्याची शिवण घातली, त्यानंतर हललेला नाही. लेसच्या कड्यांना गंज चढलाय.

एवढं असूनही पावसाळ्यासाठी मी हेच सांगेन, फक्त उन्हाळ्यात तापलेल्या खडकावर नको, तळवे भाजतात. घेताना जाड मोजे घालून, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना नंबर बघा. मला नेहमीपेक्षा एक नंबर मोठा लागला. सोबत आलेले फोमचे सुकतळे त्याच दिवशी फेकून द्या, ते पाणी धरून ठेवतात. मी जाळीचे दोन जोड घेतलेत, एक पायात, एक वाळत.