आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी: जीसीसी १३.२, पाच महिन्यांनंतर

गेल्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकावर माझा पावत्यांचा प्रोग्राम टाकला आणि नेमका चेअरमनसाहेबांसमोर तो उघडेना. ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२ नॉट फाउंड’, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या सी++ लायब्ररीची ही आवृत्ती इथं नाही. त्या घटकेपर्यंत मी जीसीसीला, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करणाऱ्या या कंपायलरला, पाचपैकी साडेचार तारे देऊन मोकळा होणार होतो.

माझ्याकडे उबंटू २२.०४ हे लिनक्स, म्हातारा लॅपटॉप, ४ जीबी रॅम. सोबत येतो जीसीसी ११, आणि मला हवं होतं एसटीडी::फॉरमॅट, म्हणजे सी++ मधली मजकूर मांडायची सोय, जी जीसीसी १३ पासून आहे. बाहेरचा रेपो (पॅकेजांचं भांडार) जोडून तयार पॅकेज मिळालं असतं, पण अनोळखी रेपो जोडायचा नाही हा आपला हट्ट. जीसीसीचा सोर्स उतरवला आणि घरीच बिल्ड लावला, म्हणजे कंपायलरच कंपाइल करायला घेतला. (पावत्या एक्सेलमध्ये का नाही, हे बायकोनं विचारून झालंय.)

तासाभरानं बिल्ड थांबला: ‘कॅनॉट कम्प्युट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स’. सफिक्स! फाइलच्या शेवटी .ओ लावायचं की आणखी काही, एवढाच प्रश्न ना? दोन संध्याकाळी त्या शेपटामागे घालवल्या. बिनयुटिल्स (असेंबलर, लिंकर वगैरे साधनं) पुन्हा टाकलं, सोर्सही नव्यानं उतरवला, तोही मोबाइलच्या डेटावर. खाली लिहिलेलं असतं, कॉन्फिग.लॉग बघा. बघितला. कामाचं काही नाही, कारण मी बघत होतो तो सगळ्यात वरच्या फोल्डरमधला. बघायचा तो आत, टार्गेटच्या (ज्या मशीनसाठी कंपाइल करायचं त्याच्या) नावाच्या फोल्डरमध्ये, लिबजीसीसी या कंपायलरच्या मदतनीस लायब्ररीच्या पोटातला. तिथं एका ओळीत निकाल होता: लिबएमपीसी.एसओ.३ सापडत नाही. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या कंपायलरला लागणाऱ्या तिन्ही गणिती लायब्रऱ्या मी होम फोल्डरात वेगळ्या बसवल्या होत्या आणि त्या कुठं आहेत हे लोडरला, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या शोधणाऱ्याला, सांगितलंच नव्हतं. नवा कंपायलर सुरू होताच पडत होता, आणि बोंब मात्र सफिक्सची.

या जागी मी तावातावानं दोन तारे लिहिले होते. ते खोडतोय. बिल्डआधी मशीन तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट ऑटोकॉन्फ या साधनानं तयार केलेली असते. ती एक चिमुकला सी प्रोग्राम कंपाइल करते आणि कुठली फाइल पडली ते बघून सफिक्स ठरवते. कंपाइलच झालं नाही तर ठरवणार कशावरून? म्हणजे ती खोटं बोलत नाही, माहिती अधिकारातल्या उत्तरासारखं खरं बोलते. शिवाय सोर्समध्येच कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स नावाची स्क्रिप्ट आहे. ती चालवली की तिन्ही लायब्रऱ्या येतात आणि कंपायलरसोबतच बिल्ड होतात. शहाणपणा माझा नडला.

पुढं मेक -जे४ दिलं (चार कामं एकदम), तर सीसी१प्लस, म्हणजे कंपायलरचा सी++ चा भाग, ‘किल्ड’. ४ जीबीत चार कामं एकदम मावत नाहीत. रॅम घेणार नव्हतोच. स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी) वाढवला, -जे१ केलं. हा गडी स्वतःला तीनदा कंपाइल करतो, दुसरी आणि तिसरी खेप ताडून बघतो. दूधवाला येऊन गेला तरी पंखा घोंगावतच होता.

वापरात मात्र कंपायलर सोन्यासारखा. एखादं नेहमीचं हेडर विसरलो तर स्वतःच विचारतो, हे इन्क्लूड करायचं राहिलं का? हीच माया बिल्डच्या वेळी कुठं जाते?

आता रविवारचं. १३.२ नं बांधलेल्या आयओस्ट्रीमच्या (मजकूर छापायची जुनी सोय) साध्या प्रोग्रामलाही ३.४.३२ लागतं. ऑफिसातही उबंटू २२.०४ च आहे आणि त्याची सी++ लायब्ररी, लिबएसटीडीसी++, ३.४.३० वर संपते. माझ्या मशीनवर हे कधी जाणवलं नाही, कारण बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलीत एलडी_लायब्ररी_पाथ (नव्या लायब्ररीचा पत्ता) टाकून मी पाच महिन्यांपूर्वीच विसरून गेलो होतो. -स्टॅटिक-लिबएसटीडीसी++ देऊन पुन्हा लिंक केलं, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच घातली. बायनरी फुगली, पण चालली.

चार तारे. अर्धा त्या सफिक्सनं खाल्ला, अर्धा रविवारनं. सोमवारी ऑफिसात पहिली पावती निघाली, माझ्याच थकलेल्या मेंटेनन्सची.