मोरा–भाऊचा धक्का लाँच: उन्हाळा-पावसाळा दोन्ही पाहून झाल्यावरचा अनुभव

परवा अमावस्येला मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराला जाणारी संध्याकाळची लाँच पुन्हा रद्द. तिकीट खिडकीतून "पाणी नाही" (म्हणजे ओहोटी, मोऱ्याला लाँच लागणार नाही) एवढंच सांगितलं आणि भाऊच्या धक्क्यावर पिशव्या घेऊन उभी असलेली माणसं मुकाट डॉकयार्ड रोड स्टेशनकडे निघाली. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी उरणजवळ द्रोणागिरीत राहते, नोकरी फोर्टात. अटल सेतूला कारचा एका बाजूचा टोल 250 रुपये, तो रोज भरणं मला परवडत नाही. 12 जानेवारी 2024 पासून लोकल उरणपर्यंत येते, स्वस्तही आहे. पण मध्ये गाडी बदला, पुढे हार्बरच्या गर्दीत लोंबकळा. लाँचला बसायला जागा मिळते, वारा लागतो, माणूस ताजातवाना उतरतो. प्रवासाला माझे पाचपैकी पाच.

ओहोटीबद्दल माझी तक्रार नाही. मोरा बंदरात गाळ साचतो, काढला तरी पुन्हा भरतो, मोठ्या ओहोटीला लाँच जेट्टीला लागत नाही. हे उरणच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण ओहोटी कधी येणार हेसुद्धा ठाऊक असतं! तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दुपारच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला आणि पहाटेही तेव्हाच. अमावस्येलाही हेच. उधाणाची, सर्वांत खोल जाणारी ओहोटी दर पंधरवड्याला नेमकी चाकरमान्यांच्या वेळेवर येते. उलट अष्टमी-नवमीला, भांगाच्या दिवसांत, पाणी एवढं उतरतच नाही. हा हिशोब वर्षभर आधी मांडता येतो, भरती-ओहोटीचे तक्ते छापून मिळतात. तरी खिडकीवरच्या फलकावर त्याची एक ओळ नाही. सकाळी जाताना तिकीट देणाऱ्याला "संध्याकाळची सुटेल का?" विचारलं तर "बघू" म्हणतो. लेखी अर्ज दिला, पोच मिळाली, उत्तर नाही.

मे महिन्यात विचारलं असतं तर एकूण दोनच तारे दिले असते. पावसाळ्यात भाडं वाढलं तेव्हा तर फारच चिडले होते. मग जुलै पाहिला. गेटवे–मांडवा बोटी बंद, आणि आमची लाँच तीन नंबरचा बावटा (बंदरावरचा वादळाचा इशारा) लागेपर्यंत चालू. लाटा आडव्या येत असताना तांडेल (लाँच चालवणारे) ज्या शांतपणे ती जेट्टीला लावतात, ते पाहिल्यावर वाढीव भाड्याचा राग गेला. खलाशी म्हाताऱ्यांना हात धरून उतरवतात, घाई करत नाहीत. आता चार तारे. पाचवा त्या फलकासाठी राखून ठेवलाय.

मला निदान लोकल आहे. घारापुरी (एलिफंटा) बेटावरच्या लोकांना बोटीशिवाय रस्ताच नाही. समुद्राखालून केबल टाकून 2018 साली तिथे वीज पोचली. बाजार, दवाखाना, तालुक्याची कामं मात्र अजून पाण्यावरूनच. तान्हं मूल घेऊन निघालेल्या बाईला घर सोडण्याआधी कळायला हवं की परतीला पाणी असेल की नाही. त्यासाठी नवी जेट्टी लागत नाही, खडू आणि फळा पुरेसा आहे.

तोपर्यंत लाँचने नव्याने ये-जा सुरू करणाऱ्यांसाठी: पौर्णिमा-अमावस्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. ओहोटी रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, तेवढं धरा. त्या दिवशी दुपारची लाँच पकडता आली तर उत्तम, नाहीतर लोकलच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा.