यामाहा एमटी-०७ की कावासाकी झेड६५०?

दोन्ही मोटरसायकली नेकेड, म्हणजे इंजिनावर आवरण नसलेल्या; दोन्ही पॅरलल-ट्विन, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडरच्या. पण थ्रॉटल पिळला की स्वभाव लगेच कळतो. एमटी-०७ च्या ६८९ सीसी इंजिनाचा क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) २७० अंशांचा, म्हणून त्याचे ठोके व्ही-ट्विनच्या, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या लयीत पडतात. खालच्या आरपीएमलाच (इंजिन हळू फिरत असतानाच) भरघोस टॉर्क, म्हणजे ओढ मिळते, गिअर सारखे बदलावे लागत नाहीत. वळणातून बाहेर पडताना ही ओढ निव्वळ आनंद देते! झेड६५० चं ६४९ सीसी इंजिन १८० अंशी क्रँकचं. तेही चपळ आहे, पण मन तितकं जिंकत नाही.

मात्र झेडची सीट ७९० मिमी, एमटीची ८०५. उंची बेताची असेल तर सिग्नलला पाय नीट टेकणं महत्त्वाचं. अशांनी बिनधास्त झेड घ्यावी. वजनातला फरक किरकोळ. बाकीच्यांना मी एमटीच सुचवेन.