बीजीएमआयचे नकाशे: कोणता फोनात ठेवला, कोणता उडवला

बीजीएमआय म्हणजे पबजी मोबाइल या गेमचं भारतातलं रूप: आकाशातून नकाशावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, शेवटी जो उरेल तो जिंकला. त्यात खेळायचे नकाशे वेगवेगळे डाउनलोड करावे लागतात. माझ्या फोनात दुकानाच्या बिलांचे फोटो, होलसेलरच्या याद्या आणि घरच्या ग्रुपवर येणारे लग्नांचे व्हिडिओ यांतून जी जागा उरेल तेवढ्यातच गेम बसवायचा असतो. त्यामुळं सगळे नकाशे कायम हाताशी ठेवून निवांत दिलेलं मत इथं मिळणार नाही. कोणता टिकला, कोणता काढून टाकला आणि कोणता चरफडत परत उतरवून घेतला, ते सांगते.

आमचं कोल्हापुरात राजारामपुरीत मेडिकल आहे. दुपारी आजूबाजूची शटरं खाली येतात, पण आमच्या डोक्यावर दवाखाना असल्यानं आम्हाला बसावंच लागतं. त्या वेळेत एकटीचा खेळ. रात्री जेवणं झाली की चौघांचा स्क्वाड: मी, धाकटा भाऊ, इचलकरंजीचा मावसभाऊ आणि हिंजवडीत नोकरीला असलेली माझी शाळेतली मैत्रीण. दुपारचा नकाशा वेगळा आणि रात्रीचा वेगळा, हे आधी लक्षात घ्या. नाहीतर पुढचं वाचून म्हणाल, ही बाई स्वतःचंच म्हणणं खोडतेय.

एरँगलच्या बाबतीत माझा पक्षपात धरूनच चाला. पबजी 2017 मध्ये आला तो याच बेटावर. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसानं हा गेम उभा केला आणि बेटाचं नाव ठेवलं ते स्वतःच्या मुलीच्या नावावरून. आठ बाय आठ किलोमीटर, शंभर खेळाडू, ओसाड पडलेला रशियन लष्करी तळ, आणि दोन गावांच्या मध्ये नुसतं माळरान. हे माळरानच लोकांना खटकतं. भाऊ रोज म्हणतो, "ताई, निम्मा वेळ नुसतं पळायचंच काय?" व्हय, पळायचंच. मला तेच पाहिजे असतं.

आम्ही बहुतेक वेळा वायव्येच्या कोपऱ्यात झारकीला उतरतो. ज्यांना पोचिंकीत एकमेकांची डोकी फोडायचीत त्यांनी खुशाल फोडावीत. झारकीत चौघांना पुरेल एवढी लूट नसते. एकाला बंदूक सापडते, दुसऱ्याच्या हातात तवा. मग झोन, म्हणजे आखडत जाणारं सुरक्षित वर्तुळ, दक्षिणेला लागतो आणि गाडी शोधायची पळापळ सुरू होते. यूएझेड जीप मिळाली तर चौघं त्यात. त्या गाडीत आमच्या मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठं करायचं ते ठरलंय, मैत्रिणीच्या ऑफिसातली भांडणं ऐकून झालीत, मावसभावानं सुताच्या दरावर भाषण दिलंय. मध्येच कुठल्यातरी टेकाडावरून गोळी येते, टायर बसतो, दोघं नॉक होतात, म्हणजे जखमी होऊन पडतात, आणि अर्धं राहिलेलं बोलणं पुढच्या मॅचला पुरं होतं. ज्या नकाशात बोलायला जागा नाही, तो माझ्या फोनात फार दिवस राहत नाही. लूट काय, कुठंही मिळते.

मावसभाऊ कधीकधी कारखान्यातूनच खेळतो. त्याचा माइक उघडा राहिला की यंत्रमागांचा खडखडाट थेट आमच्या तिघांच्या कानात. शत्रू दोन फुटांवर आला तरी पावलं ऐकू येत नाहीत. मोकळ्या रानात हे खपून जातं. स्कूलच्या जिन्यात किंवा जॉर्जोपोलच्या कंटेनरांत त्यानं हे केलं की आमचा निकाल लागलाच समजा.

एरँगलची खरी गंमत दक्षिणेकडच्या मिलिटरी बेसवर. तो वेगळ्या बेटावर आहे आणि मुख्य जमिनीला दोन पुलांनी जोडलेला. झोन म्हणजे काय हे आम्हा कोल्हापूरकरांना शिकवावं लागत नाही. जुलै-ऑगस्टात राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसणारी माणसं आम्ही: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि ज्यानं 2019 चा पूर पाहिलाय तो 39 लाच सामान माडीवर चढवतो. निळा झोन, म्हणजे वर्तुळाबाहेरचा जीव खाणारा भाग, तसाच चढतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत अंगाला लागला तरी पट्टी बांधून निभावतं; शेवटाकडं मात्र तो इतक्या वेगानं जीव खातो की फर्स्ट एड लागायच्या आत माणूस संपलेला असतो. बेसवर लूट करत रमलेली मंडळी झोन उत्तरेला गेल्याचं उशिरा बघतात, मग पुलाकडं धावतात, आणि पुलावर आडव्या गाड्या लावून बसलेले लोक त्यांची वाटच बघत असतात. काहींना हा अन्याय वाटतो. मला तरी ही नकाशा बनवणाऱ्याची हुशारी वाटते, कारण तिथं भीती कुणी वरून टाकलेली नाही. जमिनीच्या आकारातूनच ती येते.

पबजी मोबाइलवर भारतात 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली आणि त्याच महिन्यात जगभर नवं, डागडुजी केलेलं एरँगल आलं. आपलं नशीबच तसं. आपल्या हातात ते पडलं 2021 च्या जुलैत, बीजीएमआयचं नाव लावून. खाण, तुरुंग, मिल्टा पॉवर सगळं नव्यानं बांधलेलं, पण वाटा त्याच. जुन्या खेळाडूला डोळे मिटून चालता यावं एवढं जपलं आणि बाकीचं बदललं, हे मला फार आवडलं. एक सूचना नव्यांसाठी: गवतात आडवं पडून लपल्याचं समाधान मानू नका. लांबून स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, लावणाऱ्याच्या स्क्रीनवर ते गवत येतच नाही. त्याला दिसतो फक्त मोकळ्या जमिनीवर आडवा पडलेला माणूस.

मिरामार एवढा मोठाच, पण वाळवंट. आमच्या घरात यावरून भांडणं आहेत. भावाला तो रटाळ वाटतो. माझ्या मते नेमबाजी शिकायची असेल तर यासारखी जागा नाही. झाडं जवळजवळ नाहीतच, त्यामुळं लपायचं ते उंचवट्यामागं, आणि उंचवटा कुणाच्या ताब्यात आहे यावर मॅच ठरते. पेकाडोच्या कॅसिनोत गर्दी करण्यापेक्षा मी हाशिएंडाच्या आसपास थांबते, स्कोप मिळेपर्यंत. गाडी नसेल तर मात्र हाल कुत्रा खात नाही. इथं व्हेंडिंग मशीन आहेत, त्यातून एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलर पडतात, आणि पेनकिलर खाल्ली की माणूस जास्त जोरात पळायला लागतो. औषधाच्या दुकानात बसून हे बघताना फार हसू येतं. वर फर्स्ट एडनं तब्येत 75 च्या पुढं जातच नाही, एकदम शंभर व्हायला मेडकिटच लागते. आमच्याकडं गिऱ्हाईकाला एवढं स्पष्ट कोण सांगतं?

सान्हॉक चार बाय चार. हिरवा, दमट, गजबजलेला. बूटकॅम्पला उतरायचं आणि मरायचं. मला त्यापलीकडं काही सांगायचं नाही.

विकेंडीबद्दल मात्र सांगायचंय. हा बर्फाचा, सहा बाय सहाचा; गेममध्ये तो येतो, जातो, परत येतो, आणि दर वेळी मी दुसरं काहीतरी काढून त्याला जागा करते. कारण एकच, पावलांचे ठसे. बर्फात चाललात की मागं खुणा राहतात आणि थोड्या वेळानं पुसल्या जातात. एकदा मी आणि मैत्रीण दोघीच उरलो होतो. समोर एक घर, दारापर्यंत एका माणसाचे ठसे गेलेले, बाहेर आलेले नाहीत. मैत्रीण म्हणाली, "आत आहे, बाँब टाकू." मी म्हटलं, थांब, मागची खिडकी बघू. घराला वळसा घातला तर खिडकीखाली दोन पावलं खोल रुतलेली, उडी मारल्यासारखी, आणि तिथून ठसे सरळ झाडांकडं. तो बाहेर बसून दाराकडं नेम धरून आमची वाट बघत होता. आम्ही मागून आलो. बंदुकीच्या एवढ्या गेममध्ये मला सगळ्यात मजा आली ती ही, न झाडलेल्या गोळ्यांची. राजवाडा, डायनासोर पार्क वगैरे ठिकाणं शोभेला ठीक. बर्फ हेच खरं काम करतं.

आता दुपारचं. दुपारी लिविक, दुसरं काही नाही. 2020 मध्ये खास मोबाइलसाठी बनवलेला, दोन बाय दोन, 52 खेळाडू, पंधरा मिनिटांत निकाल. मी मिडस्टीनला उतरते, वरच्या मजल्यावर जाऊन पट्टी बांधत असते, तेवढ्यात काउंटरवर आवाज: "ताई, पोराला ताप हाय, सिरप द्या की." फोन पालथा. वय किती, वजन किती, ताप कधीपासून, आधी काही दिलंय का, उद्यापर्यंत उतरला नाही तर वर डॉक्टरांना दाखवा. फोन सुलटा करते तोवर मी मरून माझ्या सामानाची पेटी झालेली असते आणि कुणीतरी ती उचकटत असतं. हळहळ वाटत नाही. पंधरा मिनिटांच्या खेळात गमावण्यासारखं असतंच किती?

लिविकचं दुसरं कारण मुलींना पटकन कळेल. दुपारी स्क्वाड अनोळखी असतो. मी माइक बंद ठेवते, तरी प्रोफाइलवरून कुणाला तरी सुगावा लागतोच, मग "माइक ऑन करो", मग "लड़की है क्या", मग फ्रेंड रिक्वेस्ट, मग आपल्याकडची लूट आणून पायाशी टाकणं. एरँगलवर असल्या तिघांबरोबर अर्धा तास एका गाडीत काढायचा म्हणजे शिक्षा. लिविकमध्ये एवढी प्रस्तावना व्हायच्या आत त्यातला एखादा तरी मेलेला असतो. म्हणजे जे माळरान मला रात्री हवंहवंसं वाटतं, तेच दुपारी नको होतं. नकाशा चांगला की वाईट हे सोबत कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं, आणि यूट्यूबवर नकाशांना दहापैकी गुण देणारे दादालोक ही बाजू कधी मोजत नाहीत.

नुसा त्याहून लहान, एक बाय एक, 32 खेळाडू. 2022 मध्ये बंद झालेला गेम 2023 च्या मे महिन्यात परत सुरू झाला तेव्हा हा सोबत आला. झिपलाइन, लिफ्ट, धाडधाड आणि संपलं. शाळकरी पोरांना आवडतो. मी काढून टाकला.

दर नव्या अपडेटला जुन्या नकाशांवर जे तात्पुरते भाग चिकटवतात, ते मला पटत नाहीत. 2024 मध्ये समुद्रातला महाल आला होता. दिसायला झकास, रंग काय, दारं काय! पण त्यातल्या वाटा पाठ होईपर्यंत दोन महिने सरले आणि महाल गेला. झारकीतल्या कुठल्या घराचा जिना आतून आहे आणि कुठल्याचा बाहेरून, हे मला झोपेत विचारा. त्या महालातलं आज एक दालन आठवत नाही. नवं बांधायचं असेल तर राहू द्या की चार दिवस.

म्हणूनच रोंडोची मी वाट बघत होते. तो पीसीवर 2023 च्या डिसेंबरात आला, मोबाइलवर 2025 मध्ये. परत आठ बाय आठ, म्हणजे एरँगलच्या तोलाचा. जडेना सिटीत उंच इमारती, एका बाजूला स्टेडियम, गाड्यांचा टेस्ट ट्रॅक, यू लिनकडं बांबूचं बन. बांबूतून चालताना अंगावर काटा येतो, तो भाग पैकीच्या पैकी. जडेनात मात्र मला चकवा लागल्यासारखं होतं: इतके मजले, इतकी दारं की गोळी कुठून आली ते मेल्यावर रिप्लेमध्येच कळतं. वर माझा फोन तिथं तव्यासारखा तापतो आणि ऐन मारामारीत चित्र अडकतं. भावाचा फोन नवा आहे, त्याला यातलं काही जाणवत नाही, म्हणून तो म्हणतो रोंडोसारखा नकाशा नाही. गाडीतल्या गप्पा मात्र तिथंही रंगतात, रस्ते चांगले लांब आहेत. मावसभाऊ तर टेस्ट ट्रॅकवर गाडी फिरवत बसतो, झोन येऊन टेकला तरी उतरत नाही.

सध्या माझ्या फोनात एरँगल आणि लिविक कायमचे. तिसरी जागा मिरामारकडं आहे, विकेंडी परत आला की ती त्याची. रोंडो खेळायचा असेल तेव्हा भावाचा फोन घेते. चार्जिंग त्याचं, तापणारा फोनही त्याचाच.