मंचाव सुपाचं पाकीट: घ्यावं की न घ्यावं?

पावसाळा लागला की किराणा दुकानात मंचाव सुपाची पाकिटं पुढच्या फळीवर येतात. पाकीट पाण्यात कालवा, उकळा, हॉटेलसारखं सूप तयार, असा दावा. रंग खरंच तसा येतो, दाटपणाही येतो. वास मात्र येत नाही, आणि मंचावमध्ये निम्मी गंमत वासाचीच.

असं का होतं, ते पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, असा आपल्याकडे नियम आहे. वर सहसा मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर, मीठ आणि साखर दिसतात. सुकवलेला कोबी-गाजर बरंच खाली. ६२७ आणि ६३१ हे आकडे चव वाढवणाऱ्या पदार्थांचे, १५०डी हा कॅरॅमल रंगाचा. थोडक्यात, दाटपणा, खारटपणा आणि रंग यांचे पैसे आपण देतो. हे तिन्ही घरच्या कॉर्नफ्लॉवर आणि डार्क सोया सॉसमधून मिळतं. शिवाय पाकिटात मीठ आधीच ठरलेलं, कमी करायला वाव नाही.

चार जणांसाठी घरी करायचं तर सव्वा लिटर पाण्यात कोबीचा दांडा, गाजराची सालं, कोथिंबिरीच्या काड्या आणि पातीच्या कांद्याचा बुडखा वीस मिनिटं उकळून गाळा. साधारण एक लिटर पाणी उरेल. साधं पाणी वापरलं तरी चालतं, पण सूप पोकळ लागतं. लसूण आणि आलं प्रत्येकी दीड मोठा चमचा, हिरव्या मिरच्या दोन, सगळं बारीक चिरून. मिक्सरमधली पेस्ट नको: ती तेलात पाणी सोडते, तळाला धरते आणि खरपूस होण्याआधीच कडवट होते.

लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवून दोन मोठे चमचे तेल घाला आणि लगेच लसूण-आलं-मिरची टाका. कडा सोनेरी होईपर्यंत हलवत राहा, अर्धं मिनिट पुरतं. लसूण तपकिरी झाला तर सगळं सूप कडू. मग बारीक चिरलेला कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची मिळून दीड वाटी. मोठ्या आचेवर एकच मिनिट. एकदम जास्त भाजी टाकली की कढई थंडावते, भाजी परतण्याऐवजी वाफवली जाते आणि गाडीवरचा तो धुरकट वास निघून जातो.

आता गाळलेलं पाणी, दीड चमचा डार्क सोया सॉस (नुसतं चमचा म्हटलं तिथे मोठाच), अर्धा छोटा चमचा मिरपूड. उकळी फुटल्यावर तीन चमचे कॉर्नफ्लॉवर अर्धी वाटी गार पाण्यात कालवून, धार धरून, ढवळत ओता. पाणी गरम घेतलंत तर कणांची वरची बाजू आधी फुगते, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळ्या होतात. कालवलेलं कॉर्नफ्लॉवर लगेच तळाशी बसतं, म्हणून ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळा. सूप पारदर्शक चकाकेपर्यंत दोन मिनिटं उकळू द्या. त्याआधी उतरवलं तर कच्च्या पिठाची चव राहते.

व्हिनेगर एक छोटा चमचा, तेही गॅस बंद केल्यावर. आधी घालून उकळत ठेवलं तर आंबटपणाने स्टार्च तुटतो, दाटपणा जातो. मीठ सगळ्यात शेवटी, चाखूनच, कारण सोया सॉस खारट असतो. वरून पातीचा कांदा.

सुपावर घालायच्या तळलेल्या नूडल्स मात्र विकतच्या घ्यायला आमची हरकत नाही. फक्त तारीख बघा आणि फोडल्यावर वास घ्या. खवट तेलाचा वास आला तर टाकून द्या. घरी करायच्या तर नूडल्स थोड्या कच्च्या ठेवून उकडा, पसरून पूर्ण कोरड्या करा, कॉर्नफ्लॉवर भुरभुरून कडक तेलात तळा. ओल्या टाकल्या तर तेल उडतं आणि नूडल्स गोळा होऊन बसतात.

घरात पाकीट पडलंच असेल तर ते गार पाण्यात कालवा, सांगितल्यापेक्षा पाव वाटी पाणी जास्त घ्या, वरची लसूण-आल्याची फोडणी करून त्यात ओता. मीठ आणि सोया सॉस दोन्ही नको. नवीन पाकीट आणण्यापेक्षा त्या पैशांत डार्क सोया सॉसची छोटी बाटली आणावी.